धुतलेला पाचोळा

इस्त्रीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. उभी हयात इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेली. रक्ताचे, औषधांचे, कशाकशाचे डाग काढून चादरी अशा करायचे, की त्यांच्यावर झोपायला आजारी माणसालाही संकोच वाटावा. डागांशी त्यांचं तसं वैर नव्हतं. डाग माणसं पाडतात, त्याला काहीतरी कारण असतं. वैर होतं ते बुरशीशी. ही बया न बोलावता येते, ठिपके टाकते आणि वर आपलंच घर असल्यासारखी पसरते, असं ते दात ओठ खाऊन सांगत.

निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचे सगळे पडदे दोनदा धुतले. पडदे विटले. मुलीने हात जोडले आणि चौकशी करून त्यांना कामाला चिकटवून दिलं. वस्तीच्या टोकाला दलदल होती, तिच्या काठावर एक अभ्यासकेंद्र होतं, आणि तिथल्या संशोधक बाईंना हाताखाली कुणीतरी नीटनेटकं माणूस हवं होतं. नीटनेटकं! म्हणजे बघा, नशिबाने कसं बरोबर माणूस शोधून दिलं.

काम म्हणाल तर सोपं. दलदलीत पुरुषभर उंच पाणकणीस वाढतं. त्याची उभ्याउभ्या वाळलेली पाती कापून आणायची, तुकडे करायचे, वजन करून जाळीच्या पिशव्यांत भरायची. बाई त्या पिशव्या पाण्यात सोडत. काही महिन्यांनी एकेक वर काढून, सुकवून पुन्हा वजन करत. जेवढं घटलं तेवढं कुजलं.

“कचरा कुजतो की नाही हे बघायला पगार देतात?” काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“कुजला नाही तर थरावर थर साचून दलदल बुजेल, काका,” बाई म्हणाल्या.

काकांनी समजल्यासारखी मान डोलावली. सगळं डोक्यावरून गेलं होतं.

तर काकांनी भरलेल्या पिशव्या पाण्यात राहिल्या आणि वेळ झाल्यावर वर आल्या. आत पाती जशीच्या तशी. त्याआधीच्या खेपेला निम्मं पान गायब झालं होतं. या खेपेला पिशव्यांना जणू कुणी हातच लावला नव्हता. बाईंनी वजनकाटा तपासला, पिशव्या तपासल्या, दुसऱ्या जागेवरच्या वर काढल्या. तीच तऱ्हा. शेवटी त्या काकांच्या देखतच कपाळाला हात लावून म्हणाल्या, “वरून पाण्यात काहीतरी विषारी येत असणार. पाणी खात्याला कळवावं लागेल.”

दलदलीला मिळणाऱ्या ओढ्यावर एकच कारखाना होता, कारखाना कसला, कापड रंगवायची शेड, आणि ती त्यांच्या जावयाची होती. खात्याची माणसं आली की आधी कुलूप घालणार, चौकशी मागून. मुलीचं अख्खं घर त्या शेडवर चालत होतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता, नाहीतर बाईंना चार प्रश्न विचारले असते. काका घरी गेले आणि जेवतानाच जावयाला म्हणाले, “जावईबापू, तुमच्या रंगाने दलदल मारली.”

“मामा, मी पाणी निवळल्याशिवाय सोडत नाही,” जावई म्हणाला. शांत माणूस. कोपरापर्यंत हात कायमचे निळे.

“निवळलं म्हणजे गेलं असं नसतं. डाग दिसत नाही तेव्हाही धाग्यात असतो. मला शिकवता?”

मुलगी तडकली. “बाबा, कुणाच्या बाजूने आहात तुम्ही?”

काकांना ते खरंच सांगता येईना. आपण मुलीला वाचवायला बोललो की बुडवायला, हेच त्यांना कळेना. जावई मात्र ताटावरून उठला.

पुढचे दोन-तीन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज. मग एका सकाळी बाईंनी काकांना सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. दलदलीतून नुकतंच कापून आणलेलं एक वाळकं पान त्यांनी काचेवर ठेवलं होतं.

“हे काळे ठिपके बघा. बुरशी आहे. पान पाण्यात पडायच्या आधी, उभ्या झाडावरच ही कामाला लागते. दव पडलं की ओली होते आणि पान आतून पोखरते. हिने मऊ केलं की मग गोगलगायी, किडे खातात. पण आपल्या पिशव्यांत हिचा मागमूस नाही. तेच कोडं सुटत नाहीये.”

काकांनी डोळा लावला, आणि त्यांचं तोंड कडू झालं. “ही घाण होय? ही तर मी काढून टाकतो.”

“काढून टाकता म्हणजे?”

काका जरा ताठ झाले. इतके दिवस आपलं काम कुणी विचारलं नव्हतं. पाती ते आधी उकळत, मग हलक्या हाताने घासत, आणि शेवटच्या पाण्यात धुलाईखान्याची पावडर टाकत. तीच ती, पावसाळ्यात चादरींना बुरशी धरू नये म्हणून वापरायची. मग उन्हात कडकडीत वाळवून पिशवीत. “असली ठिपक्यांची पाती तुमच्या हातात द्यायला मला लाज वाटली असती, बाई.”

बाई स्टुलावर बसल्या. “काका,” त्या म्हणाल्या, “आपण जिची हजेरी मोजायला बसलो होतो, तिलाच तुम्ही हाकलून दिलंत.”

त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. पण त्या हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या, आणि काकांचं डोकं पार भंजाळून गेलं. घाणीशिवाय दलदल जगत नाही? मग आपण जन्मभर ज्याच्यामागे हात धुऊन लागलो ते काय होतं? चादरीवर वाईट तेच पानावर चांगलं, हे ठरवतं कोण? त्यांनी दोनदा विचारलं, बाईंनी दोनदा समजावलं, आणि दुसऱ्या खेपेला ते जास्तच गोंधळले. एक गोष्ट मात्र लख्ख कळली. पाण्यात विष नव्हतं. खात्याला काही कळवायचं नव्हतं. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते तसेच, टोपी विसरून, ओढ्याच्या दिशेने निघाले.

शेडचं दार उघडं होतं. आत जावई उलट्या घातलेल्या पिंपावर बसला होता. दुसरं पिंपही पालथं. वळण्या रिकाम्या. हाताखालच्या दोघांपैकी कुणी दिसत नव्हतं.

“खात्याची माणसं आली?” काकांनी धाप टाकत विचारलं.

“नाही मामा. मीच बंद केली. दोघांना काल दुसरीकडे कामाला लावून दिलं.”

“अहो, पण का?”

जावयाने निळे हात मांडीवर पुसले. “ही म्हणत होती थांबा, आधी पाणी तपासून घेऊ. मी म्हटलं, तपासायचं काय? डागाच्या बाबतीत मामांचं कधी चुकत नाही.”

काका दारातच उभे राहिले. सांगायचं होतं ते सगळं तोंडाशी आलं होतं, पण सुरुवात उकळण्यापासून करावी की पावडरीपासून, हेच त्यांना सुचेना.