दहापैकी किती?

विनयाला मी फारसा ओळखत नव्हतो. ती मूळची कुठली, तिला मुलंबाळं किती, काही माहीत नाही. मला लिहायची सवयही नाही. पण ती नोकरी सोडून दुसऱ्या गावी, टौरंगाला, गेल्यापासून वाटतं, कुणीतरी तिच्याबद्दल चार ओळी लिहायला हव्यात.

इथं न्यूझीलंडमध्ये, रोटोटुनातल्या आमच्या क्लिनिकात ती नर्स होती. डॉक्टरकडे आधी कोणाला सोडायचं, ते ती ठरवायची. बोलायला फटकळ.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या, पोटात कळा यायला लागल्या. खुर्चीत बसून ती "आई गं, मेले गं" करत होती. विनया म्हणाली, "काकू, जरा हळू. आपल्या बायकांचं हे नेहमीचंच. पॅनाडॉलची गोळी घ्या आणि घरी पडा." आमच्यामागून एक गोरी बाई पोट धरून आली, तिला लगेच आत नेलं. मी चडफडत गाडी काढली. संध्याकाळी सुरेखा हॉस्पिटलात. पित्ताशय काढावं लागलं.

ती घरी आली, तशी विनया मऊ खिचडीचा डबा घेऊन दारात. "काकू, गोऱ्या नर्सनं असं केलं असतं, तर मीच तुम्हाला तक्रार करायला लावली असती. आपल्याच माणसांच्या बाबतीत माझं असं होईल, हे कधी मनातच आलं नाही."

सुरेखानं चव घेतली. "मीठ कमी आहे," म्हणाली. पुन्हा त्या क्लिनिकात पाऊल ठेवणार नाही, हेही सांगितलं.

त्यानंतर विनयानं नुसता वैताग आणला. माओरी आजोबा असोत, गोरा शेतकरी असो की मी, सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. कुठं दुखतं, कधीपासून, दुखणं दहापैकी किती. मी कानातला मळ काढायला गेलो, तरी तेच.

"अगं, मळ आहे नुसता!"

"असू दे, काका. चेहरा बघून ठरवायला गेले की माझा घोटाळा होतो."

मागे रांग खोळंबलेली.

सुरेखा मात्र क्लिनिकाचं नाव काढू देईना. "तिथं कोण ऐकतं?" आणि घरात कण्हणं चालूच. माझं डोकं उठायचं.

विनयाच्या क्लिनिकातल्या शेवटच्या दिवशी मी बीपी तपासायला गेलो.

"काकू कशा आहेत?"

"गुडघ्याची कुरकुर चालू आहे."

"कुठला गुडघा?"

"कुठला म्हणजे?"

"डावा की उजवा, काका?"

मी बाही खाली ओढू लागलो.

"घरी जाऊन विचारा. आणि सोमवारी आणा त्यांना. नव्या नर्सला मी सांगून ठेवते."

"ती नाही यायची."

"आधी विचारा तर!"

"बरं."