पाण्यावर नजर

पदवी घेऊन धाटावच्या कंपनीत लागलो तेव्हा ज्यांनी मला काम शिकवलं, ते गृहस्थ तारीख विचारली तर तिथी सांगतात. परवा त्यांनी मला आणि आईला समुद्रातली दगडी कमान दाखवायला नेलं.

"आज चवथ हाय. नवानंतर भरती लागल," त्यांनी वाटेत तीनदा बजावलं.

ओहोटीत आम्ही चालत पोचलो. आई कमानीखाली खडकावरून हात फिरवत राहिली. ते मात्र कमानीकडे पाठ करून उभे होते.

"काकी, पानी फिरला. चला."

"थांब रे, मी पुन्हा कधी येणार?"

त्यांनी आईला उचललं आणि किनाऱ्यावर आणलं. मागे आमची वाट बुडत होती.

"तुम्ही कमान पाहिलीच नाही," मी म्हणालो.

"तुमी दोघं बघत व्हतात ना. मग पान्याकडं कोन बघनार?"