आईनं कंप्युटरला झबलं शिवलं

मंडळी, आज सकाळी मंगरूळपीरात आमच्या घरी काय झालं ते ऐका.

बाबा आजारी, टीव्हीच्याच खोलीत झोपतात. आईला पिक्चरची हौस, हेडफोन लावून बघते. म्हणून परत भटकायला निघायच्या आधी मी जेवणाच्या डब्याएवढा, बिनपंख्याचा कंप्युटर जोडून टीव्हीला लावला. जरासुद्धा आवाज नाही.

आज मी बॅग भरत होतो, तर आई ओरडली, "बंद पडला रे!"

चालू केला, पुन्हा बंद. वायरी तपासल्या. मधेच जुना रिमोट सापडला, तोच खोलत बसलो. शेवटी कंप्युटरला हात लावला तर चटका! वर फुलाफुलांचं झबलं, आईनं शिवलेलं. आमच्या घरात मिक्सरलाही कपडे आहेत, म्हणून मला ते खटकलंच नव्हतं.

"आई, याले पंखा नाही. गुदमरला ना तो!"

"मंग लेकरावर धूळ बसू देऊ का?"

पण लगेच शिलाई मशीनवर बसली. झबल्याला चारी बाजूंनी मच्छरदाणीची जाळी लावली. आता पिक्चर चालू आहे, बाबा गाढ झोपलेत.

कंप्युटरवरून हात फिरवत आई म्हणाली, "हे लेकरू तरी घरी राह्यते."

सांगा बरं, बॅग भरू का सोडू?