माझ्याकडे चालतं

आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका धायरीत बायकांना कॉम्प्युटर शिकवतात. त्यांच्याकडचे सहाही कॉम्प्युटर इतके जुने, की पडद्यावर एक खिडकी उघडेपर्यंत निम्मा वर्ग चहा पिऊन यायचा. महिनाअखेरीला भंगारवाला येणार होता, म्हणजे वर्गही बंद.

"अहो, तुमचा तर याहून जुना आहे. तो कसा पळतो?" बाईंनी विचारलं.

माझ्याकडे एक हलका विंडो मॅनेजर आहे. पडद्यावरच्या खिडक्या मांडतो, बाकी फापटपसारा नाही. बटणं आपल्या सोयीने लावून घ्यावीत. पण वर्गातले कॉम्प्युटर ज्या रिपॉझिटरीतून, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक कोठारातून, सॉफ्टवेअर घेतात, तिथे तो नव्हता. सहा ठिकाणी हाताने चढवला असता, पण दर अपडेटला मी कुठवर पुरणार? म्हटलं, आपणच पॅकेज करू. मूळ कोड कुठला, बांधायचा कसा, सोबत काय काय लागतं, एवढं लिहून पाठवायचं.

पाठवलं. रिपॉझिटरीत येणारी पॅकेजं तपासणाऱ्या अनोळखी मुलीचं उत्तर आलं: "कोऱ्या मशीनवर पॅकेज बांधलं जात नाही. अक्षरं दाखवणारी लायब्ररी यादीत नाही. तुमच्याकडे आधीपासून असेल."

होतीच, तो तयार कोड माझ्या मशीनवर केव्हाचा पडून होता. तरी मी टाइप केलं, 'माझ्याकडे चालतं,' आणि स्वतःलाच ओळखलं.

तिशीत मी एका कंपनीत प्रोग्राम लिहायचे. हडपसरच्या गोदामातला कारकून फोन करायचा, "मॅडम, इकडं चालंना." "माझ्याकडे चालतं," म्हणून मी फोन ठेवायचे, वर शेजारच्या टेबलाला सांगायचे, लोकांना वापरताच येत नाही. एक फाइल मी त्याला दिलीच नव्हती. महिनाभर तो बिचारा हाताने नोंदी करत होता. सापडल्यावर गुपचूप पाठवली. माफी कसली मागते ती विदुषी.

ते वाक्य पुसलं. आधीचं काहीही नसलेलं कोरं मशीन उभं करून पाहिलं. सुधारून पाठवताना लिहिलं, "सत्तरी ओलांडली आहे, सांभाळून घ्या."

"वयाचं राहू द्या, यादीत अजून एक राहिलंय."

तीन वेळा तिने माझं पॅकेज बांधून पाहिलं, एकदाही आवाज न चढवता. तिचं तोंडही मी पाहिलेलं नाही. पण त्या वयात मला अशी कुणी भेटली असती, तर तो कारकून सुटला असता.

पॅकेज रिपॉझिटरीत आलं. बाईंनी सहाही मशीनवर स्वतः चढवलं, मी फक्त खुर्चीत बसून होते. खिडकी उघडली, चहाला उठायलाही वेळ मिळाला नाही. बाईंनी भंगारवाल्याला फोन लावला: "येऊ नका. आलात तर वर्गात बसवीन."