साधी सर्दी

आमची मुलगी सहा वर्षांची असताना नागपूरच्या डॉक्टरांनी तिला रक्ताचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. पन्नासचं दशक सरत आलं होतं. आम्ही कुरखेड्याला राहायचो, माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर. या रोगावरच्या गोळ्या तेव्हा नवीनच निघालेल्या, मुंबईहून मागवाव्या लागत. डॉक्टर म्हणाले, "रोग बरा होईल असं मी म्हणत नाही, काही महिने दबून राहील. पण या गोळ्या अंगातली ताकदही खातात. सर्दी-खोकल्याचं माणूस तिच्याजवळ फिरकू देऊ नका."

नागपुरात हे ऐकायला सोपं वाटलं. गावी आलो तर धान खळ्यावर आलेलं, भुसा उडत होता आणि अख्ख्या गावात एक नाक कोरडं नव्हतं. त्यात जो तो पोरीला पाहायला येई. आजाऱ्याला पाहायला न जाणं वाईट, आणि आलेल्याला दारातून परतवणं त्याहून वाईट. मी रोज ओसरीवर बसून तेच करत होते.

"काऊन वं मास्तरीण, आमची नजर लागते का तुझ्या पोरीले?" शेजारीण म्हणाली.

"नजर नाई बाई, खोकला लागते."

"खोकल्यानं कोणी मरते का?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण पोर आत ऐकत होती.

मग यजमानांची थोरली बहीण ब्रह्मपुरीहून आली, ओच्यात बोरं घेऊन. आवाज बसलेला, डोळे पाणावलेले. मी आडवी उभी राहिले.

"साधी सर्दी आहे मले," त्या म्हणाल्या. "जन्मली तवा मीच न्हाऊ घातलं तिले."

त्यांनी बोरं पायरीवर ठेवली आणि पाणीही न पिता गावातल्या दुसऱ्या नातलगाकडे गेल्या. यजमान त्या दिवशी जेवले नाहीत. "माझ्या बहिणीले दारातून पाठवलं तू," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या शाळेतली शेंबडी पोरं कोणत्या दारातून पाठवू?" ते दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आल्यावर विहिरीवर अंघोळ करून, कपडे बदलूनच आत येऊ लागले.

पौषातल्या एका सकाळी चूल पेटवताना मला शिंक आली. आधी वाटलं, धूर. दुपारपर्यंत घसा धरला.

आता माझ्यासमोर कोण आडवं उभं राहणार होतं? घरात दुसरी बाई नव्हती. तोंडाला पदर बांधून मी तिला भरवायची, हात लांब करून, तोंड फिरवून. निजायला दुसऱ्या खोलीत. ती विचारायची, "आई, मले जवळ काऊन घेत नाई?" मी समजावायची आणि ती पुन्हा विचारायची. दोन-चार दिवसांत तिलाही ताप चढला.

गावच्या दवाखान्यात पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. फरक नाही. छाती भात्यासारखी हलायला लागली तेव्हा मोटारीनं वडसा गाठलं, तिथून छोट्या रुळांच्या गाडीनं नागभीड, मग नागपूरची दुसरी गाडी. डब्यात चहूकडे खोकला. एका भल्या माणसानं सरकून आम्हाला खिडकीपाशी जागा दिली, ती नेमकी त्याच्या खोकणाऱ्या बायकोशेजारी. मी उभीच राहिले, पोरीला खांद्यावर घेऊन. त्याला राग आला.

डॉक्टरांनी छाती तपासली. "पेनिसिलिन या जंतूवर चालत नाही. याला औषधच नाही, हा आपला आपण जाईल. तोवर त्या गोळ्या बंद."

"आणि तोवर तो रोग?"

"थांबेल, अशी आशा करू," ते म्हणाले.

सर्दी गेली. पोर बसून खिचडी खायला लागली. पण रोग थांबला नव्हता. गोळ्यांनी बसलेल्या मानेतल्या गाठी परत आल्या. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, त्यांचा आता काही उपयोग झाला नाही. वैशाखात ती गेली.

तेव्हा सगळे घरात आले. कोणाला अडवायचं कारण उरलं नव्हतं. नणंदबाईही आल्या. दोन दिवस माझ्याजवळ बसून मग हळूच म्हणाल्या, "माह्यामुळं तर नाई न लागली तिले ती सर्दी?"

"तुम्ही आत आल्याच कुठी?" मी चिडूनच म्हटलं. "माझीच लागली."

त्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला, आणि मग पुन्हा दिला. महिनाभर राहून घर त्यांनीच सांभाळलं.