सुमनताईची रेडिएटरमागची भिंत

जवळ या गं पोरींनो, आणि ते फोन ठेवा खाली. मला रागवायचं आहे, पण हळू आवाजात. सुमनताईच्या शोकसभेत तुम्ही एकेक जणी उठून बोललात, डोळे पुसलेत, बरं वाटलं. पण बोललात काय? ‘सुमनमावशी वॉज सो स्वीट.’ ‘कधी कोणाशी वाद नाही.’ ‘शांत स्वभाव.’ मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाई, मी दुसऱ्याच कोणाच्या सभेत तर येऊन बसले नाही ना? सुमनताई गोड नव्हती. तापट होती, हट्टी होती, आणि भांडायला लागली की वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा थांबायचा. गेली म्हणून तिला साखरेत घोळवू नका. सहा वर्षं मी तिच्यासोबत एका घरात राहिले, म्हणून सांगते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दवाखान्यातून फोन आला. मला फ्रेंच तोडकंमोडकं येतं, पण ‘देझोले’, म्हणजे ‘माफ करा’, हा शब्द पक्का येतो. मॉन्ट्रियलमध्ये बस चुकली तरी लोक तोच शब्द म्हणतात, आणि माणूस गेलं तरी तोच... आदल्या दुपारीच मी तिच्याजवळ बसून आले होते. नाकात नळी, हात थंडगार. मला वाटलं, काही मनातलं सांगेल. तर म्हणाली, “कमल, हॉलचा रेडिएटर अजून वाजते का वं? हवा काढ त्यातली. किल्ली चमच्यांच्या खान्यात हाय.” बस, हाच निरोप.

मी तिच्याकडे आले तेव्हा माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. वॉटर्लूला मुलाच्या बेसमेंटमध्ये राहत होते. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, पण बेसमेंटच्या खिडकीतून मला लोकांचे फक्त बूट दिसायचे. मॉन्ट्रियलला चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला आले, तिथे जेवणाच्या रांगेत सुमनताई भेटली. भंडाऱ्याकडची, लग्न न केलेली, दवाखान्याच्या लॅबमध्ये आयुष्यभर नोकरी करून रिटायर झालेली. मी अकोल्याची, शाळा चौथीपर्यंत, पुढचं लिहिणं-वाचणं माझं मीच शिकलेली. तिनं विचारलं, “कुठं राहतेस?” मी सांगितलं. म्हणाली, “बूट पाहत बसण्यापरीस माझ्याकडे ये. एक खोली रिकामीच हाय.” मी पुढच्याच महिन्यात दोन बॅगा घेऊन आले.

घर भाड्याचं, जुनं, दुसऱ्या मजल्यावरचं. प्रत्येक खोलीत खिडकीखाली घर उबदार ठेवणारा तो लोखंडी फासळ्यांचा रेडिएटर, आत गरम पाणी खळखळतंय. पहिल्या मार्चमध्ये एक दिवस सुमनताई रंगाचे डबे घेऊन आली. जयंतीच्या आधी घराला रंग... हे मला नवीन नव्हतं. आमच्या वस्तीतही एप्रिल लागला की घरोघरी चुन्याचा वास यायचा. पण इथे? भाड्याच्या घरात? मी म्हटलं, “ताई, घर मालकाचं. आपण काहून हात दुखवायचे?” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप ओढणी डोक्याला बांधली.

भिंती झाल्या. मला वाटलं, संपलं. तर ही गुडघ्यावर बसून रेडिएटरच्या मागे डोकावतेय. दोन बोटांची फट, आत वर्षानुवर्षांची धूळ. तिनं उलथन्याच्या दांड्याला जुना लोकरीचा मोजा बांधला, रंगात बुडवला आणि घातला आत. आता आम्ही दोघी विदर्भातल्या, मार्च-एप्रिल म्हणजे आमच्या डोक्यात ऊन. इथे बाहेर अजून बर्फ आणि रेडिएटर तापलेला, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही! रंग लावता लावताच वाळला, भिंतीवर पापुद्रे धरले, मोजा फासळीला चिकटला, आणि भाजलेल्या लोकरीचा असा वास सुटला की खालच्या बाईनं येऊन दार वाजवलं. मी हसून हसून खाली बसले. सुमनताई मात्र भडकली. म्हणाली, “हस तू. खरवडून पुन्हा लावतो मी.” आणि लावला. आदल्या दिवशी गरम पाण्याचा कॉक बंद करून, लोखंड थंड होऊ देऊन, आम्ही दोघी घरात कोट घालून बसलो होतो. दरवर्षी मग तसंच.

मी एकदा चिडून विचारलं, की तिथे कोण बघतंय गं? तेव्हा तिनं तिच्या आईचं सांगितलं. आई रोजीनं लोकांच्या घरांना चुना द्यायला जायची. गावातल्या मोठ्या घरांना ती फक्त बाहेरून रंग द्यायची. आत जायचं नाही, आतल्या भिंतींना दुसरी माणसं. पाणीसुद्धा अंगणात, वरून ओतलेलं. पण चौदा एप्रिलच्या आधी ती आपल्या एका खोलीच्या घराला चुना द्यायची तेव्हा धान्याची कोठी मायलेकींनी ढकलून बाजूला सारायची, आणि कोठीमागची भिंत आधी, बाकीच्या नंतर. आई म्हणायची, “बाहेरून बाहेरून रंगवाचं तं लोकाइचं घर. आपलं घर आतून रंगवाचं.” सुमनताई हे सांगताना रडली-बिडली नाही हं. नाक ओढलं आणि म्हणाली, “घर भाड्याचं असन, पन राहते कोन? आपन. मंग झालं त.”

एका वर्षी मालक नेमका त्याच वेळी आला. ही जमिनीवर आडवी, हात रेडिएटरच्या मागे, गालाला रंग. तो हसून म्हणाला, “मादाम, तिथे कोण बघणार?” ही पडल्या पडल्या म्हणाली, “म्वा.” म्हणजे मी. तो टोपी घालून गेला.

आता ती गेल्यानंतरचं ऐका. तिसऱ्या आठवड्यात मालक आला. वाईट वाटल्याचं बोलला, फुलं आणली होती. मग म्हणाला, लीज मादाम सुमनच्या नावावर, तेव्हा महिनाअखेर घर रिकामं करा. मी मान हलवली. हो, हलवली! मुलाचा फोन आला, “आई, इट्स जस्ट अ रेंटल. बेसमेंट रेडी आहे, कम होम.” मी खोकी आणली. ताईच्या साड्या घडी करून भरायला घेतल्या. मला वाटलं, ती होती म्हणून ताकद होती, आता माझं काय.

दोन दिवसांनी मालक एका रंगाऱ्याला घेऊन आला, खोल्या दाखवायला. मी चहा ठेवत होते. रंगाऱ्यानं वाकून रेडिएटरकडे बोट दाखवलं. मालकानं हात झटकला, राहू दे, मागचं कशाला. आणि काय झालं मला माहीत नाही, मी हातातली गाळणी घेऊनच हॉलमध्ये गेले. “नों, मस्यू!” म्हणजे ‘नाही, साहेब!’ फ्रेंच तेवढंच आलं, पुढचं इंग्लिशमध्ये. “इथला रंग आम्ही देतो. दरवर्षी देतो. मागेपण देतो. आणि मी कुठं जात नाही.” गाळणीतून चहाची पत्ती टपटप पडतेय लादीवर, पण माझं तोंड थांबेना. रंगारी बिचारा भिंतीला चिकटून उभा.

दुसऱ्या दिवशी भाडेकरूंना मदत करणाऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या मुलीनं विचारलं, किती दिवस एकत्र राहत होता? सहा वर्षं. मग म्हणाली, राहत राहा, आणि दोन महिन्यांच्या आत मालकाला लेखी कळवा, लीज तुमच्या नावावर होते. इतकं सोपं! आणि मी खोकी भरत बसले होते. तिनं फ्रेंचमध्ये पत्र टाइप केलं, सही मी केली, मराठीत, पूर्ण नावानं. रजिस्टरनं पाठवलं. खोकी उघडून साड्या पुन्हा कपाटात लावल्या, तिच्याच कप्प्यात.

मागच्या आठवड्यात मालकाचा फोन आला. पत्र मिळालं म्हणाला. आवाज जरा नरम होता. म्हणाला, “पण मादाम, या वयात तुम्ही एकट्या, एवढं घर कसं सांभाळणार?” मी म्हटलं, “एकटी? कोण म्हणालं? माझ्याकडे सतत पोरी येत-जात असतात. घर भरलेलं असतं.”

तर मुलींनो, हे असं मी त्याला ठणकावून सांगून बसलेय. शनिवारी या. जुने कपडे घालून या, कोट आत घालायलाही ठेवा, कारण शुक्रवारीच मी कॉक बंद करणार आहे. पिठलं-भाकरी करते. बारीक हाताची एक तरी या, माझा हात आता फटीत जात नाही. आणि रंग झाला की संपलं असं करू नका, त्यानंतरही येत राहा, बिनकामाच्या या, बसायला या... मालकाला मी शब्द दिलाय, मला खोटं पाडू नका. लवकर या.