रिकाम्या गाडीचं माप

माजिवड्याच्या नाक्यावर गाडी मधोमध उभी होती आणि मागच्या डाव्या चाकातून जळक्या रबराचा वास येत होता. मागचे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून बसलेले. मी रस्त्यावर गुडघे टेकून चाकाच्या वरच्या पत्र्याखाली डोकं घातलं. सकाळीच मी स्वतः बसवलेला कोरा टायर, आणि त्याच्या वरच्या कडेवर घासून घासून पट्टा उमटलेला.

गाडीच्या आतून जानकीकाकूंचा आवाज आला, "मना उतरवा. माज्यामुलंच जाला ना ह्या?"

"छे हो काकू, तुमचा काय संबंध!" मी म्हणालो.

संबंध होता. चांगला शंभर टक्के होता. तो मला आठ दिवस आधीपासून ठाऊक होता आणि तरी मी तोंड उघडलं नव्हतं. आजही त्या नाक्यावरून जाताना मला मान वर करवत नाही.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मी डोंबिवलीहून ठाण्याला यायचो आणि हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात काउंटर सांभाळायचो. काउंटर सांभाळणं म्हणजे नुसतं बिल फाडणं नव्हे. कुठल्या गाडीला कुठला टायर चालेल, कुठला चालणार नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायचं. शेठ म्हणायचे, "टायर कोणीही विकेल, सल्ला तू विक." ह्या वाक्यावर मी फार खूश असायचो.

हिराजी वैती बाळकुमचे कोळी. वडील खाडीत जाळं टाकायचे, हिराजींनी मात्र कोलशेतच्या एका कारखान्यात आयुष्यभर वेल्डिंग केलं. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. कोणी गोरं जोडपं इंग्लंडहून रस्त्याने आलेलं, गाडी मुंबईत बंद पडली आणि एका गॅरेजच्या आवारात वर्षानुवर्षं सडत पडली, ती हीच. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरची खोलीच. आत पलंग, छोटं सिंक, भिंतीला कपाटं. हिराजींनी इंजिन खोललं, पत्रा बदलला, रंग मारला. बाळकुमात तिला सगळे डबा म्हणायचे.

हा डबा त्यांनी बायकोसाठी घेतला होता. जानकीकाकूंचं खुब्याचं हाड मोडलेलं आणि ते नीट जुळलं नव्हतं. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ठाण्याचा बाजार पायी गाठणारी बाई घरात बसली. बसून बसून अंग वाढलं. एकदा दवाखान्यातून येताना चार जणांनी उचलून जीपमध्ये घातलं, तेव्हा अख्खी आळी बघायला जमली. त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडणं सोडलं.

म्हणून हिराजींनी व्हॅन खाली घेतली. म्हणजे सस्पेन्शनमध्ये फेरफार करून गाडीची पूर्ण बॉडी चार-पाच बोटं जमिनीकडे आणली. आता काकू आपल्या स्टुलावरून सरकून, दाराच्या दांडीला धरून, कोणाचाही हात न लागता आत बसू शकत होत्या. मी घरी गाडी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला ते करून दाखवलं. बसल्यावर त्या अशा हसल्या की मलाच भरून आलं.

त्यांना नाशिकला जायचं होतं. लेकीला पहिली मुलगी झालेली, तिच्या बारशाला. लेकीचं घर त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

गाडी खाली घेतल्यावर चाकाच्या वरची जागा कमी होते. हिराजींनी त्यावर उपाय म्हणून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे टायर बसवले होते. रिम तीच, टायर बुटका आणि अरुंद, कुठे घासत नव्हता. दिसायलाही झकास. पण टायरच्या अंगावर प्लाय रेटिंग लिहिलेलं असतं. आतल्या थरांची ताकद किती, ते हा आकडा सांगतो. टॅक्सीचा टायर चार प्लायचा. असल्या व्हॅनला आठ हवेत. चार प्लायवर भरलेली व्हॅन कसारा घाटात चढवली तर टायर तापणार, बाजूने फुगणार आणि वळणावर दगा देणार. हे मी हिराजींना ठासून सांगितलं, आणि तेवढं मी बरोबर सांगितलं.

आठ प्लायचा टायर आमच्याकडे होता, पण उंचीला जास्त. तो त्या पत्र्याखाली मावेल का, हे मोजायचं होतं. टायरच्या धंद्यात बिगारीलाही कळतं की अशी मापं भरलेल्या गाडीवर घ्यायची. वजन पडलं की गाडी दबते आणि वरची जागा आणखी कमी होते.

मी हिराजींना विचारलं, "कोण कोण जाणार?"

"मी, ही, नि माजी भयीन. नि सामान."

"काकूंचं वजन साधारण..." इतकं बोललो आणि माझी जीभ अडली.

हिराजींनी चपलेकडे बघितलं. "आसंल सत्तर-पंच्याहत्तर."

दोघांनाही माहीत होतं की हे खरं नाही. काकू पाच पावलांवर ओट्यावर बसलेल्या. आपल्याकडे पगार विचारतात, जात विचारतात, पाळणा का हलत नाही हेसुद्धा बिनदिक्कत विचारतात. पण परक्या बाईच्या वजनाचा आकडा, तोही तिच्या नवऱ्याला, तिच्या देखत? माझ्याच्याने होईना. त्यांच्या जागेवर सिमेंटच्या गोणी ठेवून मोजता आलं असतं. पण बाई समोर बसलीय आणि आपण तिच्या सीटवर गोणीवर गोणी रचतोय, ह्या विचारानेच मला घाम फुटला. मी रिकाम्या गाडीवर माप घेतलं. दोन बोटं जागा निघाली.

"बसेल," मी म्हणालो.

ठरलेल्या दिवशी सकाळी टायर चढवले. हिराजी म्हणाले, कल्याणपर्यंत एक फेरी मारून बघू, हिला पन हवा लागंल. मीही बरोबर बसलो. माजिवड्यापर्यंत काही झालं नाही. नाक्याच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक गेलं आणि मागून करकर सुरू झाली. काकू डाव्या बाजूला, दाराशी, बरोब्बर त्या चाकावर बसलेल्या. त्यात ह्या गाडीचं इंजिनही मागे. माझी दोन बोटं कधीच संपली होती.

काकूंना उतरवावं लागलं. स्टूल घरी राहिलेलं. दोन रिक्षावाले, एक हवालदार आणि मी. चौघांनी धरलं. तोवर माणसं थांबून बघायला लागली होती. काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला तो शेवटपर्यंत काढला नाही. जे टाळायला हिराजींनी गाडी खाली घेतली होती, ते मी भर नाक्यावर घडवून आणलं.

पुढचं तर सांगवत नाही. काकू बसल्या की चाक पुन्हा घासणार, व्हॅनमध्ये त्यांना परत बसवता येईना, म्हणून आमच्या दुकानाचा टेम्पो मागवला. मागच्या हौद्यात खुर्ची ठेवून, जुन्या टायरांच्या शेजारी, काकू बाळकुमला गेल्या. पुढे हिराजी व्हॅन चालवत होते. रिकामी व्हॅन, कसला म्हणून आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी हिराजी दुकानात आले. बसले नाहीत.

"टायर काढून घे. ती येत नाय बोलते."

"काका, मी काहीतरी करतो."

"तू कालपन करतो बोललेला."

ते गेल्यावर शेठ केबिनमधून बाहेर आले. "अरे, त्याला सांग गाडी परत वर उचल. ओरिजिनल हाइट, मोठा टायर, विषय खल्लास."

"शेठ, मग त्या बाई आपल्या आपण चढू शकणार नाहीत."

"चार माणसं चढवतील ना!"

"तेच तर नकोय त्यांना."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. "मग माप घेताना झोपलेलास काय?"

झोपलो असतो तरी परवडलं असतं, कारण झोपलेल्याला निदान माहीत तरी नसतं.

संध्याकाळी बाळकुमला गेलो. काकू ओट्यावर सुकी करंदी निवडत होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा सांगितला, आणि त्याने मी जास्तच ओशाळलो. खरं तर तिथेच विचारायला हवं होतं. पण मी पुन्हा आडवाट धरली. म्हटलं, "काकू, गाडी एकदा काट्यावर न्यायचीय. सगळे बसून. कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघतो."

"कंचा काटा?"

"ट्रकचा. भिवंडी रस्त्यावर, खाडीपुलाच्या अलीकडे."

त्यांनी हातातली करंदी सुपात टाकली. "परत रस्त्यात उतराया लागंल?"

"नाही. शब्द देतो."

"तुज्या शब्दाचा काय हाय..." म्हणाल्या, आणि सूप बाजूला सारून, "चल. नातीला बगाचा हाय मना."

टायर बदलायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही खड्डे चुकवत बैलगाडीच्या चालीने गेलो. काट्यावर रेतीचे ट्रक लागलेले. काटेवाल्याने आधी गाडीची फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर घेतली, मग फक्त डावी. तो खिडकीतून आकडे ओरडायचा आणि मी मनात हिशोब मांडायचो. मागच्या डाव्या चाकावर उजव्यापेक्षा कितीतरी जास्त भार येत होता. आता त्यात गाडीचा किती आणि माणसाचा किती, हे कळलं की सीट कुठे हलवायची ते ठरणार होतं. त्यासाठी काकूंना उतरवून पुन्हा वजन घ्यायला हवं. आणि मी शब्द देऊन बसलेलो.

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग आणखी एक. ट्रकवाले ओरडायला लागले. काटेवाला म्हणाला, "ओ साहेब, झालं का?"

काकूंनी काच खाली केली. "काय रं, कनाला फिरतंस?"

"काही नाही काकू... जरा फरक काढायचा होता... म्हणजे गाडीचा वेगळा आणि..."

"माजा वजन पायजे तुला?"

मी मान डोलावली. हिराजी स्टिअरिंगकडे बघत होते.

"एकशे अठरा," काकू म्हणाल्या. आवाज खणखणीत, बाजारात भाव सांगावा तसा. दोन ट्रकवाल्यांनी वळून बघितलं, त्यांच्याकडे काकूंनी असं पाहिलं की त्यांनी माना फिरवल्या. "गेल्या म्हयन्यात हॉस्पिटलात काटा केला. मना तोंड हाय ना? ह्याला इचारलास, गाडीला इचारलास, ह्या काट्यालाव इचारलास. मना कोनी इचारलाच नाय."

इतकी शरम मला नाक्यावर चौघांनी मिळून त्यांना उतरवतानाही वाटली नव्हती. मी समजत होतो की मी त्यांची लाज राखतोय. राखत होतो ती माझी.

पुढचं काम सोपं होतं. हिराजींनी सिंक आणि मागचं लोखंडी कपाट काढून टाकलं. सीटखाली रूळ वेल्ड केले, म्हणजे काकू दाराशी बसायच्या आणि मग सीट सरकवून गाडीच्या मध्यावर, थोडी पुढे आणायची. कल्याणच्या एका जुन्या डीलरकडे त्याच रिमचे आठ प्लायचे, पण उंचीला कमी असे टायर पडून होते. कोणा डिलिव्हरी व्हॅनवाल्याने मागवून नेलेच नव्हते. मी ते स्वतः जाऊन आणले. ह्या वेळी माप घेताना सीटवर काकू बसलेल्या होत्या, हिराजींची बहीण होती, सामानाच्या पिशव्या होत्या. मी दर चाकाशी वाकलो की काकू वरून विचारायच्या, "किती बोटा?" आणि मी सांगायचो.

बारसं झालं. घाटात टायर हाताला कोमट लागत होते, एवढंच, असं हिराजींनी येऊन सांगितलं. काकू लेकीच्या दारात आपल्या आपण उतरल्या.

त्यानंतर मी बरीच वर्षं काउंटरवर होतो. टायरचा साइज, रिम, प्लाय, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, गाडीत कोण बसणार? काही गिऱ्हाइकं चिडायची, तुम्हाला काय करायचंय म्हणायची. चिडू देत. आणि उत्तर मी गाडीच्या मालकाकडून घेत नसे. बसणारं माणूस समोर असेल तर त्यालाच विचारायचो.